काळीज कुठे असते?
मराठीतील अवयवनामांचा मागोवा

खारघरच्या डोंगराखाली ओवे हे पनवेल तालुक्यातले जुने गाव आहे. आज त्याच्या चहूबाजूंनी शहर उभे आहे. दोन वर्षांपूर्वी या गावातल्या एका आजींना घेऊन मी जवळच्या दवाखान्यात गेलो होतो. सोबत त्यांची नात होती. तरुण डॉक्टर हिंदी बोलणारे होते. आजी म्हणाल्या, "कालीज जलतंय." नातीने भाषांतर केले, "कलेजे में जलन है." डॉक्टरांचा हात उजव्या बरगडीखाली गेला. आजींचा हात मात्र छातीच्या मध्यावर होता. दोघांचे हात दोन ठिकाणी पाहून मी मध्ये बोललो, मग हृदयाची तपासणी झाली. निघाले ते साधे पित्त. परत येताना आजींनी विचारले, "कालीज कुठं असतं ते डाक्टरला ठाव नाय?"

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. डॉक्टर चुकले नव्हते आणि आजीही चुकल्या नव्हत्या. एकच शब्द दोन भाषांत शरीराच्या दोन ठिकाणी जाऊन बसला होता. शब्द असे सरकतात कसे, आणि आपल्या अंगावरचे शब्द आपल्यापर्यंत आले कुठून, हा या लेखाचा विषय आहे.

ग्रियर्सनचे बारा शब्द

भाषांचे नाते तपासताना अभ्यासक आधी अवयवांची नावे मागतात. कारण उघड आहे. राज्ये बदलली की कचेरीतले शब्द बदलतात, बाजार बदलला की मालाची नावे बदलतात, पण हाताला 'हात' म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही. मॉरिस स्वॉडेश या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने भाषांच्या तुलनेसाठी केलेल्या शंभर शब्दांच्या यादीत विसेक शब्द शरीराचेच आहेत. त्याच्याही आधी जॉर्ज ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीसाठी २४१ शब्द-वाक्यांची एक ठरीव यादी देशभर पाठवली होती. मराठीला वाहिलेला तिचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्या यादीत बारा अवयव आहेत: हात, पाय, नाक, डोळा, तोंड, दात, कान, केस, डोके, जीभ, पोट आणि पाठ.

हे बारा शब्द घेऊन बसले तर मराठीचा अर्धा इतिहास हाती लागतो. हस्त–हत्थ–हात, कर्ण–कण्ण–कान, दन्त–दात, जिह्वा–जिब्भा–जीभ, पाद–पाय, केश–केस, पृष्ठ–पाठ. या सात शब्दांची वाट सरळ आहे. संस्कृतातले जोडाक्षर प्राकृतात दुहेरी झाले आणि मराठीत ते सुटे होऊन आधीचा स्वर लांबला. 'तोंड' हा आठवा. तो 'तुण्ड'पासून आला, पण तुण्ड म्हणजे माणसाचे तोंड नव्हे. ती पक्ष्याची चोच किंवा जनावराचे मुस्कट. गणपतीच्या 'वक्रतुंड' या नावात तो जुना अर्थ अजून शाबूत आहे. कोणे एके काळी 'तोंड' हा शब्द 'थोबाड' या शब्दासारखाच रांगडा असणार. वापरून वापरून त्याची धार गेली, तो सभ्य झाला आणि 'मुख' पोथीत जाऊन बसले.

उरले चार: डोळा, नाक, डोके, पोट. हे चार संस्कृतातून नियमाने येत नाहीत. 'अक्षि'पासून हिंदीला 'आँख' मिळाली. 'नासा' या शब्दापासून 'नाक' निघू शकत नाही. 'शिर', 'मूर्धा', 'मस्तक' यांच्याशी 'डोके' जुळत नाही. मस्तकाचा वारस 'माथा' आहे. आणि 'उदर' कुठे, 'पोट' कुठे!

म्हणजे सर्वांत टिकाऊ समजल्या जाणाऱ्या बारा शब्दांपैकी चार मराठीने बदलले, आणि तेही कुठले, तर डोके, डोळा, नाक आणि पोट!

चार देशी शब्द

बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी 'देशीनाममाला' रचली. संस्कृतातून नियमाने साधता येत नाहीत, पण लोकांच्या व प्राकृत कवींच्या तोंडी आहेत, अशा शब्दांचा हा कोश. त्यात डोळ्याला 'डोल', नाकाला 'णक्क' आणि पोटाला 'पोट्ट' असे शब्द नोंदलेले आहेत. म्हणजे हे शब्द मराठीने काल-परवा उचललेले नाहीत. 'पोट्ट' तर त्याहून जुना. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त तो येतो, आणि तिथेही पोट भरलेच जाते. शब्दाबरोबर वाक्प्रचारही इतका जुना असावा, याचे नवल वाटते.

पोटाचे नातलग दक्षिणेत आहेत. तेलुगूत 'पोट्ट', कानडीत 'होट्टे'. जुन्या कानडीतल्या शब्दारंभीच्या 'प'चा पुढे 'ह' झाला, हे लक्षात घेतले की तिन्ही शब्द शेजारी येतात. कानडीतली 'मंडि' म्हणजे गुडघा आणि मराठीतली 'मांडी' म्हणजे गुडघ्याच्या वरचा भाग, हीही जोडी याच सीमेवर उभी आहे. शेतावर, बाजारात आणि घरात दोन भाषाकुळांची माणसे पिढ्यान् पिढ्या एकत्र वावरल्याशिवाय असे शब्द जुळत नाहीत.

पण घरातला शब्द टाकून नवा घ्यावाच का? याचे उत्तर जगभर साधारण सारखे मिळते. डोके, डोळा, पोट यांविषयी माणसे थट्टेने, रागाने, लाडाने बोलतात. अशा बोलण्यात जुना शब्द मिळमिळीत वाटतो आणि गमतीदार शब्द पुढे होतो. दोन पिढ्यांनी गंमत विसरते, शब्द उरतो. लॅटिनमध्ये 'तेस्ता' म्हणजे मातीचे मडके. त्यापासून फ्रेंचमध्ये डोक्याला 'तेत' हा शब्द आला. आपल्याकडे संस्कृत 'कपाल' म्हणजे वाडगा, खापर, कवटी. त्याचे मराठीत 'कपाळ' झाले आणि सटवाई तिथे नशीब लिहू लागली. 'डोळा'ही असाच असावा. गुजरातीत नेत्राला 'आंख' आणि त्यातल्या गोळ्याला 'डोळो' म्हणतात. मराठीने गोळ्याच्या नावावर अख्खा डोळा घेतला.

इथे ओव्याच्या आजींकडे पुन्हा यावे लागते. पनवेल-उरण पट्ट्यातल्या आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' होतो. त्यामुळे आजी 'डोला' म्हणतात, 'गला' म्हणतात, 'कालीज' म्हणतात. शाळेत त्यांच्या नातवंडांना "डोला नव्हे, डोळा" असे सुधारले जाते. मुलगा ओशाळतो आणि घरी आजीला सुधारू लागतो. त्या मुलाला कोणीतरी सांगायला हवे की हेमचंद्रांनी नोंदलेला शब्द 'डोल' असाच आहे. मात्र अभ्यासकाने इथे थांबून एक खबरदारीही घ्यायला हवी. आगरीने नऊशे वर्षांपूर्वीचा 'ल' जपून ठेवला असे म्हणता येणार नाही. मराठीत दोन स्वरांमधल्या एकेरी 'ल'चा 'ळ' झाला आणि आगरीने सगळेच 'ळ' पुन्हा 'ल'मध्ये मिळवले. वर्तुळ फिरून त्याच जागी आले आहे. पण म्हणून आजींचा शब्द अशुद्ध ठरत नाही. तो एका नियमाने बदललेला आहे, आणि आपला 'डोळा'ही एका नियमानेच बदललेला आहे.

पाठ, पीठ आणि तुर्कांचा पाय

ध्वनी असे नियमाने बदलतात म्हणूनच एका शब्दावरून भाषा ओळखता येते. 'पृष्ठ' घ्या. मराठीत 'पाठ', हिंदीत 'पीठ'. 'मृत्तिका' घ्या. मराठीत 'माती', हिंदीत 'मिट्टी'. संस्कृत 'ऋ'च्या जागी मराठी बऱ्याचदा 'अ' घेते आणि हिंदी 'इ' घेते. 'शृंग'चे मराठीतही 'शिंग' होते, म्हणजे अपवाद आहेतच; पण कल स्पष्ट आहे. १९२० मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या मराठीच्या घडणीवरील ग्रंथात फ्रेंच पंडित ज्यूल ब्लॉक यांनी अशाच बारीक खुणांवरून मराठीची जागा निश्चित करण्याचा प्रयत्न केला.

तुर्की भाषाकुळात हेच काम 'पाय' हा शब्द करतो. अकराव्या शतकात महमूद अल-काशगरी याने तुर्की बोलींचा कोश अरबीत लिहिला. जुन्या तुर्कीत पायाला 'अदाक' म्हणत. आज इस्तंबूलच्या तुर्कीत तो 'अयाक' आहे, सैबेरियातल्या खाकास भाषेत 'अझाख' आणि व्होल्गाकाठच्या चुवाश भाषेत 'उरा'. मधल्या एका व्यंजनाचा द, य, झ की र झाला, एवढ्यावरून भाषा कोणत्या शाखेची ते अभ्यासक सांगतात. आपण पाठीवरून ओळखतो, ते पायावरून ओळखतात.

परतलेले चुलतभाऊ

अवयवांची नावे उसनी घेतली जात नाहीत, हा समज मराठीपुरता आणखी एका बाजूने ढासळतो. ही 'बाजू'च पाहा. फारसी 'बाझू' म्हणजे दंड. तो संस्कृत 'बाहु'चा सख्खा चुलतभाऊ. प्राचीन काळी इराणी आणि भारतीय शाखा वेगळ्या झाल्या तेव्हा दूर गेलेला. मराठीत घरच्या 'बाहु'ची सदऱ्याची 'बाही' झाली आणि फारसीकडून परतलेल्या 'बाझू'चा अर्थ 'कड, दिशा' असा झाला. दंडाचा अर्थ फक्त 'बाजूबंदा'त उरला.

असे चुलतभाऊ पुष्कळ आहेत. संस्कृत 'हस्त', फारसी 'दस्त': हाती धरण्याचा कागद तो 'दस्तऐवज'. संस्कृत 'शिर', फारसी 'सर': त्यातून सरदार, सरहद्द आणि कामाचे शीर असलेले 'सरकार'. संस्कृत 'चक्षु', फारसी 'चश्म': त्यातून 'चष्मा'. तुर्कीत डोळ्याला 'ग्योझ' आणि चष्म्याला 'ग्योझल्युक' म्हणतात. वाट वेगळी, कल्पना तीच. संस्कृत 'हृद्', फारसी 'दिल': 'दिलासा' म्हणजे हृदयाला आराम.

कंबर तर पूर्ण फारसी आहे. मग तिच्या आधी मराठी माणसाला कंबर नव्हती का? होती. 'कटि'पासून आलेली 'कड'. कंबर आली तशी कड मागे हटली, पण एक जागा तिने सोडली नाही. आई अजून मूल 'कडेवर' घेते, कमरेवर घेत नाही. राज्यकारभाराबरोबर आलेला शब्द पट्टा आणि तलवारीच्या जागी बसला. मूल धरण्याची जागा जुन्या शब्दाकडेच राहिली.

आता काळजाकडे येऊ. संस्कृत 'कालेय' म्हणजे यकृत. त्याचे प्राकृतातून हिंदीत 'कलेजा' आणि मराठीत 'काळीज' झाले. मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागितली की खाटीक अजून यकृतच देतो. पण मराठी काळीज वर सरकून हृदयाच्या जागी गेले. फारसी 'जिगर' हाही यकृतच, आणि तो संस्कृत 'यकृत्' या शब्दाचा भाऊबंद आहे. 'जिगरी दोस्त', 'जिगरबाज' या शब्दांत यकृताकडे माया आणि धैर्य दोन्ही आहे. जुन्या तुर्कीत 'बाघिर' म्हणजे यकृत. आजच्या तुर्कीत तो शब्द छाती, ऊर या अर्थाने मायेच्या बोलण्यात येतो. माया, भीती, हिंमत कुठे राहते याविषयी जुन्या माणसांचे उत्तर 'यकृतात' असे होते. पुढे तो मान हृदयाला मिळाला. काही भाषांनी भावनेसाठी नवा शब्द घेतला. मराठीने जुनाच शब्द उचलून नव्या जागी ठेवला. दवाखान्यात डॉक्टरांचा आणि आजींचा हात दोन ठिकाणी गेला, त्यामागे एवढा मोठा प्रवास होता.

सारखेपणाचे सापळे

इथे एक इशारा द्यायला हवा. सारखे ऐकू येते म्हणजे नाते असते असे नाही. फारसी 'दिल' म्हणजे हृदय आणि तुर्की 'दिल' म्हणजे जीभ. दोघांचा काही संबंध नाही. मराठीत 'मान' उंचावते आणि 'मान' मिळतो, पण पहिली 'मन्या' म्हणजे मानेचा मागचा भाग, तिच्यापासून आलेली; दुसरा संस्कृत 'मान'. मूठभर धान्याचा 'पसा' हा 'प्रसृत'पासून, म्हणजे पसरलेल्या तळहातापासून; 'पसाय' मात्र 'प्रसाद'पासून. ओव्याजवळ कोपरा नावाचे गाव आहे, पुढे कोपरखैरणे आहे. 'कोपर' हा 'कूर्पर'पासून आलेला शब्द मनात येतो आणि खाडीने इथे हाताच्या कोपरासारखे वळण घेतले असेल अशी कल्पना सुचते. कल्पना गोड आहे, पण गावांच्या नावाला जुने कागद लागतात. कानाला पटले म्हणून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

अंगाने मोजलेले जग

माणसाने जग मोजले ते आधी स्वतःच्या अंगाने. 'वितस्ति'ची वीत, 'मुष्टि'ची मूठ, 'अंजलि'ची ओंजळ. विहिरीची खोली 'परस'ने सांगत, आणि परस म्हणजे हात वर करून उभा 'पुरुष'. खाडी-समुद्रावर कोळी 'वाव'ने पाणी मोजतात. दोन्ही हात फाकून दोरी धरली की एक वाव. हा संस्कृत 'व्याम'. तुर्कीत याच फाकलेल्या हातांचे माप 'कुलाच' आहे. दोन्हीकडे मापपट्टी एकच, माणसाची छाती आणि हात. भरतीचे पाणी घोट्याला, गुडघ्याला, मांडीला, कमरेला, गळ्याला, असे चढत गेले की खाजणातल्या माणसाला घड्याळ लागत नसे.

जमिनीलाही अंग असते. डोंगराला माथा, सोंड आणि पायथा, खाडीला तोंड. तुर्कीत 'बुरुन' म्हणजे नाक आणि भूशिरही. 'बोआझ' म्हणजे घसा आणि सामुद्रधुनीही. इस्तंबूलमधून वाहणारा बॉस्फरस त्यांच्या भाषेत घसाच आहे. आपण 'भूशिर' म्हणतो तेव्हा जमिनीला डोके देतो, ते नाक देतात, एवढाच फरक.

पिकांनाही अवयव आहेत. उसाला डोळे असतात. 'पोट' या शब्दापासून 'पोटरी' झाली, म्हणजे पायाचे छोटे पोट. आणि भात कणीस धरण्याआधी दांड्यात फुगते तेव्हा शेतकरी म्हणतो, भात 'पोटरीवर' आले. पावसाळा सरता सरता पनवेलच्या भातशेतीत हा शब्द घरोघरी ऐकू येई. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली भातशेती व मिठागरे नव्या शहरासाठी संपादित होत गेली. जमीन चौरस मीटरने मोजली गेली. आज आजींच्या नातवंडांना पायाची पोटरी ठाऊक आहे, भाताची नाही. शब्द मेला नाही. त्याचा एक अवयव गळून पडला.

व्याकरणात शिरलेले अवयव

काही अवयव झिजत झिजत व्याकरणात जाऊन बसले आहेत. 'परीक्षेच्या तोंडावर' म्हणताना तोंड आठवत नाही, 'पाठोपाठ' म्हणताना पाठ आठवत नाही. यातली 'पोटी' आणि 'पायी' ही जोडी मोठी बोलकी आहे. दोन्ही कारण सांगतात. पण 'प्रेमापोटी केले', 'रागापोटी बोलला', असे आपण म्हणतो. 'प्रेमापायी' म्हटले की लगेच नुकसान दिसू लागते. 'दारूपायी घर गेले', 'पोरापायी कर्ज झाले'. भावना पोटात जन्मते म्हणून 'पोटी'. आणि ज्याच्या पायावर सारे वाहून टाकले त्याने बुडवले म्हणून 'पायी'. हे दोन शब्द कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवलेले नसतात, तरी मराठी माणूस त्यांची अदलाबदल सहसा करत नाही.

तुर्कीत याचा आरसा सापडतो. तिथे 'युझ' म्हणजे चेहरा, आणि 'युझ्युंदेन', शब्दशः 'चेहऱ्यावरून', म्हणजे 'च्यामुळे'. पण वाईट घडले तरच. चांगले घडले असेल तर दुसरा शब्द, 'सायेसिंदे', म्हणजे 'सावलीत'. हजारो कोसांवरच्या, वेगळ्या कुळातल्या भाषेलाही दोष देण्याचे कारण आणि उपकार मानण्याचे कारण वेगळे ठेवावेसे वाटले, आणि दोषासाठी तिनेही अवयवच निवडला.

आजींचा प्रश्न

आपल्या सरकारी रुग्णालयात 'कान-नाक-घसा विभाग' अशी पाटी असते. ती कोणालाही वाचता येते. शेजारी 'नेत्ररोग विभाग' असतो; तिथे डोळा संस्कृत होतो. हृदय आणि यकृत पाटीवर असतात, काळीज नसते. शास्त्राला नेमके शब्द लागतात, त्याविषयी तक्रार नाही. पण दुखणे सांगणारा माणूस पाटीच्या भाषेत दुखत नाही. पोटरी वळते, अंग मोडून येते, हातापायाला मुंग्या येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. या शब्दांत जागा असते, दुखण्याची जात असते आणि सांगणाऱ्याची भीतीही असते. त्यांचे भाषांतर करायला दारात एक शाळकरी नात उभी असते, आणि तिलाच आपण शिकवले आहे की आजीचे शब्द चुकीचे आहेत. त्या दिवशी निघाले ते पित्त होते. दर वेळी तसे असेलच असे नाही.

म्हणून ओवे, कोपरा, पेंधर यांसारख्या गावांतून अवयवांची आणि दुखण्यांची नावे गोळा व्हायला हवीत, आणि ती नुसती भाषाशास्त्रज्ञांसाठी नकोत. एका पानावर शरीराचे चित्र, त्यावर बोलीतले शब्द, शेजारी शास्त्रीय नाव, एवढे दवाखान्याच्या भिंतीवर लागले तरी पुरे. ग्रियर्सनने बारा शब्द मागितले होते; आपण शंभर मागू शकतो, आणि सांगणारी माणसे अजून आहेत.

आजींना मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. आता विचारले तर सांगेन: आजी, काळीज पूर्वी उजवीकडे खाली होते. डॉक्टरांनी ते तिथे शोधले, त्यांच्या भाषेत ते अजून तिथेच आहे. आपल्या माणसांनी ते केव्हातरी वर आणले. तुम्ही हात ठेवलात, तिथेच ते आहे.